थंडीच्या माथी खापर

स्कॉटलंडमध्ये टोमॅटो लावणाऱ्याला दर फेब्रुवारीत एक उपदेश ऐकावा लागतो. बागकामाच्या स्तंभांत तो छापून येतो, रोपवाटिकेच्या गल्ल्यावर फुकट मिळतो, आणि अलीकडे आपल्या मराठी मंडळींच्या हळदीकुंकवातही तिळगुळाबरोबर वाटला जातो. कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांनी आता कौन्सिलच्या प्रतीक्षायादीत ताटकळून अलॉटमेंटचा, म्हणजे भाड्याच्या बागजमिनीचा, तुकडा मिळवला आहे. उपदेश असा: जुन्या, पिढीजात वाणांचे टोमॅटो हे उन्हाच्या देशांचे लाड आहेत. एडिंबराला जुलैत दिवसाचं सरासरी कमाल तापमान जेमतेम १९-२० अंश, रात्रीचं ११-१२. त्यात ऑगस्टात करपा. तेव्हा बी पेरण्याच्या नादी लागू नये. मे महिन्यात संकरित एफ-वन वाणाची तयार रोपं आणावीत, लावावीत, मिळतील ती फळं खावीत. बाकी सगळं स्मरणरंजन.

आकडे बरोबर आहेत. करपाही खरा आहे. निष्कर्ष तेवढा चुकीचा आहे.

हा उपदेश करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कोणता टोमॅटो असतो ते आधी बघू. बहुतेक वेळा तो ब्रँडीवाइन असतो. अमेरिकेतला हा वाण जुन्या टोमॅटोंचा जणू राजदूत आहे. बटाट्यासारखी पानं, गुलाबी साल, पाव किलोच्या पुढे सहज जाणारं फळ. प्रत्येक कॅटलॉगात पहिल्या पानावर त्याचाच फोटो. रोप बाहेर लावल्यापासून पहिलं फळ पिकायला त्याला ८० ते ९० दिवस लागतात, आणि हा हिशेब टेनेसी-ओहायोच्या उन्हाळ्याचा आहे, जिथे रात्रीही अंगाला घाम असतो. आमच्याकडे दंवाची भीती गेल्याशिवाय, म्हणजे मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला, रोप बाहेर जात नाही. तिथून ९० दिवस मोजले तर सप्टेंबर उजाडतो. गार रात्रींमुळे त्यात आणखी काही आठवडे वाढवले तर फळ पिकण्याआधी दंव पडतं. ज्याने ब्रँडीवाइन लावला तो हरला, यात आश्चर्य काहीच नाही. पण हरल्यावर तो म्हणतो की जुने वाण थंडीत चालत नाहीत. हापूसचं कलम महाबळेश्वरला लावायचं, मोहोर जळाला की थंड हवेत फळंच होत नाहीत असं जाहीर करायचं, आणि शेजारच्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्याकडे बघायचंच नाही, त्यातला हा प्रकार.

कारण थंडीचा स्वतःचाही टोमॅटोंचा वारसा आहे. तो देखणा नाही, एवढाच त्याचा गुन्हा. चेक देशातून आलेला स्टुपिस घ्या. फळ लहान, लिंबापेक्षा थोडं मोठं, फोटोत कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही असं. पण लावणीनंतर ५५ ते ६५ दिवसांत पिकतं आणि गार रात्रींत धरतं. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात बीव्हरलॉज इथे सरकारी संशोधन केंद्र आहे, अक्षांश ५५ उत्तर, जवळजवळ एडिंबराचाच. सब-आर्क्टिक मालिकेतले ठेंगणे, लवकर येणारे टोमॅटो तिथे निघाले. आणि स्कॉटलंडचा स्वतःचा आइल्सा क्रेग तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहे. एअरशरच्या किनाऱ्यासमोर समुद्रात ग्रॅनाइटचं एक एकटं बेट उभं आहे, त्याचं नाव या टोमॅटोला मिळालं. तो काचघरातला वाण आहे हे मान्य. पण या वाणाची दुसरी ओळख आमच्या उपदेशकांना नसते. फळ पिकतं कसं, याचा जगभरच्या प्रयोगशाळांत जो अभ्यास झाला, त्यात न पिकणाऱ्या उत्परिवर्तित झाडांशी तुलना करायला प्रमाण वाण म्हणून वर्षानुवर्षं आइल्सा क्रेग वापरला गेला. टोमॅटोच्या पिकण्याबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातलं बरंच काही या स्कॉटिश झाडाच्या साक्षीनं ठाऊक झालं. आणि स्कॉटलंडमध्येच लोकांना सांगितलं जातं की जुने टोमॅटो इथे पिकत नाहीत!

यावर लगेच प्रतिप्रश्न येतो, तो मी बऱ्याचदा ऐकला आहे: सब-आर्क्टिक तर १९७०च्या आसपासचा, याला वारसा कसं म्हणायचं? वारसा म्हणजे पणजीच्या परसातला हवा.

पणजीच्या परसाची गोष्ट एकदा नीट तपासावी अशीच आहे. ब्रँडीवाइन हे नाव १८८९ साली फिलाडेल्फियाच्या जॉन्सन अँड स्टोक्स कंपनीच्या कॅटलॉगात आलं. म्हणजे तेव्हाही तो बाजारात आणलेला माल होता. आज जो गुलाबी ब्रँडीवाइन लोक पूजतात, तो १९८०च्या दशकात ओहायोतल्या बेन क्विझेनबेरी नावाच्या वृद्ध संग्राहकाकडून पसरला. चेरोकी पर्पल हे नावच १९९०च्या सुमाराचं आहे. टेनेसीतून टपालानं आलेल्या बियांचं ते बारसं क्रेग लहूलिए या टोमॅटोवेड्या रसायनशास्त्रज्ञानं केलं. हिरवे पट्टे असलेला ग्रीन झेब्रा वारशाच्या टोपलीत हमखास दिसतो. तो टॉम वॅग्नर यांनी तयार करून १९८३ साली बाजारात आणला. आणि या सगळ्यांत मला लाडकी असलेली गोष्ट मॉर्टगेज लिफ्टरची. वेस्ट व्हर्जिनियातल्या लोगन गावात एम. सी. बाइल्स गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त करत. वनस्पतिशास्त्राचं शिक्षण नाही. १९३०च्या दशकात मोठ्या फळांचे चार वाण घेऊन त्यांनी काही वर्षं एकमेकांत संकर केला, मनासारखा टोमॅटो मिळाल्यावर त्याची रोपं एक डॉलरला एक अशी विकली, आणि घरावरचं सहा हजार डॉलरचं कर्ज फेडलं. आज हा वाण वारसा म्हणून गणला जातो. जन्मला तेव्हा तो एका मेकॅनिकचा नवाकोरा प्रयोग होता. त्याच्याही आधी, १८७० साली, ओहायोच्या अलेक्झांडर लिव्हिंग्स्टन यांनी गुळगुळीत फळाचा पॅरागॉन विकायला काढला, तोही वर्षानुवर्षं झाडं निवडून निवडून.

म्हणजे वयाची अट लावायची तर ती ब्रँडीवाइनलाही नीट लागत नाही. उरते ती एकच अट: बी धरलं तर पुढच्या वर्षी तोच टोमॅटो यावा, आणि ते बी एका हातातून दुसऱ्या हातात जाता यावं. आपल्याकडे शेतकरी ज्याला सरळ वाण म्हणतात ते. या अटीत सब-आर्क्टिक बसतो, स्टुपिस बसतो. एफ-वन बसत नाही.

आता थंडी नेमकं काय करते ते बघू, कारण इथे उपदेशकांचं शास्त्र फार ढोबळ असतं. थंडीत टोमॅटोचं झाड मरत नाही. दंव पडलं तर मरतं, एरवी हिरवंगार उभं राहतं, आणि म्हणूनच माणूस फसतो. अडचण फुलात असते. रात्रीचं तापमान १३ अंशांच्या खाली राहिलं की परागकण धड तयार होत नाहीत. फूल उमलतं, देठाच्या गाठीशी पिवळं पडतं आणि गळतं. सोलापूरच्या मे महिन्यात अगदी उलट कारणानं हीच फुलगळ होते, तिथे पराग उष्णतेनं निकामी होतो. टोमॅटो फार लाडावलेलं पीक आहे. दोन्ही टोकांना रुसतं.

आता या रुसव्यावरचा इलाज कुठून आला बघा. सेव्हेरियानिन नावाचा एक रशियन वाण आहे. पराग निकामी झाला तरी त्याला फळ धरतं, फक्त ते बिनबियांचं असतं. अमेरिकेतल्या ओरेगन राज्य विद्यापीठात जेम्स बॅगेट यांनी हा गुण उचलला आणि त्यातून ओरेगन स्प्रिंग, सिलेट्झ, लेजंड असे वाण काढले. ओरेगन स्प्रिंग १९८४ साली बाहेर आला. कॉर्व्हॅलिसच्या गार रात्रींत लवकर फळ धरावं हाच हेतू होता. हे तिन्ही सरळ वाण आहेत. सुरुवातीची, थंडीत धरलेली फळं जवळजवळ बिनबियांची निघतात, पुढे हवा उबदार झाली की बी असलेली फळं येतात, म्हणजे बी धरण्याचीही सोय राहते. थंडीवर मात करणारा हा गुण संकरित जोमातून आलेला नाही. तो एका जनुकातून आला, आणि ते जनुक एका सरळ वाणात होतं. संकरित वाण आपोआप थंडीला टणक असतो, हा समज कुठून पसरला कोण जाणे. अनेक एफ-वन तर तापवलेल्या डच काचघरांसाठी तयार झालेले आहेत. एडिंबराच्या उघड्या वाफ्यात त्यांचीही फुलं तितक्याच निमूटपणे गळतात.

गंमत अशी की रोपवाटिकेत मे महिन्यात जी तयार रोपं मांडलेली असतात, त्यांच्या चिठ्ठ्या वाचल्या तर त्यांत मनीमेकर आणि गार्डनर्स डिलाइट हमखास सापडतात. पहिला इंग्लंडचा, दुसरा जर्मनीचा. दोन्ही जुने, दोन्ही सरळ वाण. ज्या टेबलाजवळ उभं राहून आपल्याला जुन्या वाणांपासून परावृत्त केलं जातं, त्याच टेबलावर जुने वाण विकायला असतात. फक्त विक्रेत्याला ते जुने वाटत नाहीत, कारण खप चांगला आहे.

मग करपा. या मुद्द्यावर मात समोरच्याचं ऐकून घेतलं पाहिजे. १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाटा सडवून दुष्काळ आणणारा फायटोप्थोरा तोच, जो आमच्या टोमॅटोच्या खोडावर तपकिरी डाग पाडतो आणि आठवड्याभरात झाड काळं करतो. डंडीजवळच्या जेम्स हटन संस्थेनं २०१७ पासून त्याच्या इशाऱ्याचे नवे निकष दिले: सलग दोन दिवस किमान तापमान १० अंश किंवा जास्त, आणि दोन्ही दिवशी किमान सहा तास हवेत ९० टक्के किंवा जास्त आर्द्रता. स्कॉटलंडच्या जुलै-ऑगस्टमध्ये ही अट पुरी व्हायला फार वाट बघावी लागत नाही. ओबानसारख्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गावात, उघड्या वाफ्यात, छप्पर नसताना कुणी टोमॅटो लावणार असेल, तर त्यानं क्रिमसन क्रश हा करपाप्रतिकारक एफ-वन लावावा. मी वाद घालणार नाही.

पण एवढ्यावरून सगळ्याच एफ-वनला शाबासकी कशासाठी? क्रिमसन क्रशमध्ये पीएच-२ आणि पीएच-३ ही दोन प्रतिकारक जनुकं आहेत. ती आली अँडीजच्या परिसरातल्या, वाटाण्याएवढ्या फळाच्या रानटी टोमॅटोतून. संकर हा त्यांना एका झाडात आणण्याचा एक मार्ग होता, एकमेव नाही. लेजंड या सरळ वाणातही करपा सोसण्याची ताकद आहे. उलट शर्ली, सनगोल्ड हे रोपवाटिकेतले लोकप्रिय एफ-वन करप्यापुढे ब्रँडीवाइनइतकेच उघडे पडतात. करप्याचा मुद्दा म्हणजे करपाप्रतिकारक मोजक्या वाणांचा मुद्दा, त्यातून संकरित विरुद्ध सरळ असा निकाल निघत नाही. शिवाय या बुरशीसारख्या जिवाला पानावर पाण्याचा पापुद्रा लागतो. डोक्यावर प्लॅस्टिक असलं, पाणी मुळाशी दिलं, खालची पानं काढून वारा खेळता ठेवला, की खूपसं काम होतं. त्यात ६० दिवसांचा वाण लावला असेल तर करप्याची लाट येईपर्यंत पहिले दोन-तीन घोस घरात आलेले असतात. ९० दिवसांच्या वाणाला ही पळवाट नाही. पुन्हा निवडीचाच प्रश्न.

"पण बी पेरायचं म्हणजे दोन महिने वीज जाळायची" हा पुढचा आक्षेप. वीज जाळायची ती एक आठवडा. टोमॅटोचं बी १० अंशांवर उगवायला सहा आठवडे घेतं, १५ वर दोन आठवडे, २० वर आठेक दिवस, २५ वर सहा. म्हणून उब हवी ती बी फुटेपर्यंतच, आणि ती रेडिएटरवरच्या फळीवरही मिळते. कोंब वर आला की उलट रोपाला गारवा मानवतो. १९५०च्या दशकात मिशिगनमध्ये विटवर आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं होतं की पहिली दोन बीजपत्रं उघडल्यापासून दोन-तीन आठवडे रोप ११ ते १३ अंशांत ठेवलं तर पहिल्या घोसात फुलं जास्त येतात. आमच्या घरातल्या न तापवलेल्या मागच्या खोलीत मार्चमध्ये नेमकं हेच तापमान असतं, आणि ते फुकट आहे. खरी चणचण उन्हाची आहे. फेब्रुवारीत घाईनं पेरलेली रोपं उजेडासाठी लांबच लांब वाढतात आणि मान टाकतात. मार्चच्या मध्यानंतर पेरलं की दिवस झपाट्यानं मोठा होत जातो, आणि जूनमध्ये एडिंबराला सतरा तासांहून जास्त उजेड असतो. नारायणगावच्या टोमॅटोला इतका मोठा दिवस आयुष्यात कधी दिसत नाही. थंडीचं रडगाणं गाताना या उजेडाचा उल्लेख कुणीच करत नाही.

तयार रोपात आणखी एक नुकसान आहे. रोपवाटिका जे पाच-सहा वाण लावते तेवढ्यातच तुम्हाला निवड करावी लागते. स्टुपिस, सिलेट्झ, सब-आर्क्टिक यांची रोपं आमच्या भागात विकायला ठेवलेली मला दिसलेली नाहीत. बी मात्र मिळतं. थंड प्रदेशाला योग्य असे वाण ज्याला हवे आहेत त्यानं बी पेरू नये असं सांगणं, म्हणजे त्याला तो वाण मिळूच नये अशी व्यवस्था करणं.

इथे कुणीतरी बाजाराचा दाखला देतं. जुने वाण इतके चांगले होते तर ते बाजारातून गेलेच कसे? गेले, कारण त्यांना कागदपत्रं नव्हती. ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकापासून भाजीचं बी विकायचं तर तो वाण अधिकृत यादीत असावा लागतो, आणि यादीत येण्यासाठी चाचण्या, शुल्क, एकसारखेपणाचा पुरावा हे सगळं आलं. एका काउंटीतल्या शंभर माणसांना हवा असणारा वाण हा खर्च कोण करून नोंदवणार? म्हणूनच गार्डन ऑरगॅनिक या संस्थेची हेरिटेज सीड लायब्ररी बी विकत नाही, सदस्यांना देते. सदस्य दर वर्षी सहा पाकिटं निवडतो. २००९ च्या युरोपीय निर्देशानं हौशी माळ्यांच्या वाणांसाठी नोंदणी सोपी केली, पण तोवर बरंच काही गेलेलं होतं.

आणि बाजाराचाच हिशेब करायचा तर एफ-वनच्या पाकिटात काय विकलं जातं तेही बघू. पाकिटात मोजक्या बिया आणि किंमत सरळ वाणाच्या भरल्या पाकिटापेक्षा जास्त. का? कारण टोमॅटोचं फूल स्वतःचं परागण स्वतःच उरकतं. संकर करायचा तर उमलण्याआधीच कळी उघडून चिमट्यानं तिचे पुंकेसर काढावे लागतात, मग दुसऱ्या वाणाचा पराग त्या स्त्रीकेसराला लावावा लागतो, फूल फूल करून. मराठी वाचकाला हे काम नवं नाही. बुलढाणा-जालना पट्ट्यात देऊळगावराजाच्या आसपास शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं संकरित बी असंच हातानं तयार होतं, आणि ते हात बहुतेक बायकांचे असतात. त्या श्रमाची किंमत पाकिटाला असायलाच हवी. माझी तक्रार वेगळी आहे. हे बी दर वर्षी विकत घ्यावंच लागतं, कारण एफ-वनचं बी धरून पेरलं तर पुढच्या पिढीत आई-बापांचे गुण विखरून येतात. १९४९ साली बर्पीचा बिग बॉय आला तेव्हापासून घरगुती बागेतही हा व्यवहार रुळला, आणि आता तोच शहाणपणाचा मार्ग म्हणून सांगितला जातो.

चवीबद्दल मात्र आमच्याच गोटातल्या लोकांना चार शब्द सुनवायला हवेत. जुना तो चवदार, हे साफ खोटं आहे. मनीमेकर शंभर वर्षांच्या घरातला आहे आणि चवीला पाणचट आहे. सनगोल्ड हा जपानी एफ-वन आहे आणि इतका गोड आहे की मी स्वतः त्याचं एक झाड दर वर्षी लावते. मोठ्या फळाच्या जुन्या वाणांत साखर भरायला लागणारं ऊन स्कॉटलंडला नसतं, त्यामुळे इथला ब्रँडीवाइन पिकला तरी फिकाच लागण्याची शक्यता जास्त. हे सगळं मान्य करूनही दोन गोष्टी शिल्लक राहतात. २०१२ साली ॲन पॉवेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कच्च्या फळाचा रंग सगळीकडे एकसारखा फिकट यावा म्हणून विसाव्या शतकात एका जनुकातला जो बदल जवळजवळ प्रत्येक बाजारी वाणात आणण्यात आला, त्यानं फळातल्या हरितलवकांची वाढच रोखली आणि साखर घटवली. बऱ्याच जुन्या वाणांत देठाजवळ गडद हिरवा खांदा दिसतो तो हा बदल न झाल्यामुळे. २०१७ साली फ्लोरिडा विद्यापीठातल्या हॅरी क्ली यांच्या गटानं ३९८ वाणांचा अभ्यास करून सांगितलं की आधुनिक बाजारी टोमॅटोत स्वादाची कित्येक द्रव्यं जुन्यांपेक्षा कमी आहेत. ही चूक मुद्दाम कुणी केली नाही. टणकपणा आणि वजनासाठी निवड होत गेली, चव कुणी मोजत नव्हतं. थंड प्रदेशातल्या माणसाला यातून एवढंच घ्यायचं आहे की लहान फळाचा, लवकर येणारा जुना वाण त्याला उन्हाच्या तुटपुंज्या भांडवलावरही चव देऊ शकतो, मोठा देऊ शकत नाही.

सप्टेंबरअखेर झाडावर हिरवी फळं उरतात, हाही एक टोमणा असतो. उरतात, खरं आहे. पूर्ण वाढलेलं हिरवं फळ १८-२० अंशांच्या स्वयंपाकघरात, उजेड नसला तरी पिकतं. १० अंशांखालच्या शेडमध्ये पिकत नाही, एवढं लक्षात ठेवायचं. फ्रिजमध्ये तर मुळीच ठेवायचं नाही, त्यानं स्वाद जातो तो परत येत नाही. जे पिकायच्या वयाचं नसेल त्याची इथे व्हिनेगर-साखर घालून सांत्वनापुरती चटणी करतात. आपण हिरव्या टोमॅटोत शेंगदाण्याचं कूट, तीळ आणि लसूण घालतो तेव्हा तो हरलेल्या हंगामाचा शेवट नसतो. त्यासाठी काही जण मुद्दाम कच्ची फळं तोडतात. हिरवी फळं उरली म्हणून हंगाम वाया गेला, हे गणित ज्यांच्या ताटात ही चटणी नाही त्यांचं आहे.

आपल्या लोकांची अजून एक सवय आहे, तिच्याबद्दल कठोरच बोलावं लागेल. गावाकडून येताना सुटकेसमध्ये कागदाच्या पुडीत गावठी टोमॅटोचं बी आणायचं, आणि इथे पेरून पणजीचा वारसा राखतो आहोत असं समजायचं. भारतातून टोमॅटोचं बी ब्रिटनमध्ये आणायला वनस्पती आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते विनाकारण नाही. इस्राएल-जॉर्डनमध्ये गेल्या दशकात पहिल्यांदा दिसलेला टोमॅटोचा तपकिरी सुरकुत्यांचा विषाणू बियांवरून पसरतो आणि काचघरंच्या काचघरं बसवतो. कायद्याची गोष्ट बाजूला ठेवली तरी ते बी इथे बहुधा चालणार नाही. ज्या झाडाला पिढ्यान्‌पिढ्या २२ अंशांच्या रात्रींत निवडलं गेलं, ते १२ अंशांच्या रात्रीत फुलं गाळतं. मग तोच माणूस पुढच्या हळदीकुंकवात सांगतो की गावठी वाण इथे होत नाहीत, एफ-वन आणा. ब्रँडीवाइनवाला आणि हा, दोघांचा मार्ग एकच.

उरतो सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत दुर्लक्षित मुद्दा. बी पेरणाऱ्याला पुढच्या वर्षी बी धरता येतं, आणि बी धरताना निवडता येतं. टोमॅटोचं फूल बहुतेक वेळा स्वतःशीच जुळतं, त्यामुळे दोन वाण शेजारी असले तरी संकराची शक्यता कमी. अपवाद काही बटाटापानी जुन्या वाणांचा, ज्यांचं स्त्रीकेसर पुंकेसरांच्या बाहेर डोकावतं. त्यांच्या एखाद्या घोसावर उमलण्याआधी जाळीची पिशवी बांधली की झालं. पिकलेल्या फळाचा गर बियांसकट वाटीत काढायचा, दोन-तीन दिवस आंबू द्यायचा, वरचा पांढुरका थर आला की धुऊन बी कागदावर नाही, बशीत वाळवायचं, कारण कागदाला ते चिकटून बसतं. नीट ठेवलं तर चार-पाच वर्षं उगवतं.

पण कुठल्या झाडाचं बी? बहुतेक लोक सगळ्यांत मोठं फळ निवडतात, आणि तिथेच थंडीशी असलेला करार मोडतात. मोठं फळ निवडत गेलं की दर पिढीत उशीर वाढतो. इथे निवडायचं ते झाड ज्याच्या पहिल्या घोसातली फुलं जूनच्या थंड रात्रींतही गळली नाहीत, ज्याचं फळ सगळ्यांआधी लाल झालं, आणि ज्याच्या खोडावर करप्याचा डाग सगळ्यांत उशिरा उमटला. फुलं टिकवणाऱ्या झाडांना जूनमध्येच लाल सुतळी बांधून ठेवायची, म्हणजे ऑगस्टात सगळ्यांत देखण्या झाडाकडे हात जाणार नाही. कुणी म्हणेल, ही तर वाणनिर्मिती झाली, वारसा जपणं कुठे राहिलं? बाइल्स यांनी लोगनमध्ये हेच केलं होतं, बॅगेट यांनी कॉर्व्हॅलिसला हेच केलं, आणि बीव्हरलॉजच्या केंद्रातही हेच झालं. ज्यांना एफ-वनचाच मोह सोडवत नाही त्यांनाही हा रस्ता बंद नाही. सनगोल्डचं बी धरा, पुढच्या पिढीत विखुरलेली झाडं लावा, त्यातलं लवकर येणारं, गोड फळाचं एक निवडा, आणि सहा-सात पिढ्या हेच करत राहा. जगभरचे हौशी माळी असं करतात, त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, परवाना लागत नाही. मे महिन्यात तयार रोप विकत घेणाऱ्याला हे कधीच करता येणार नाही.